जुनी मोटरसायकल हलकी करताना वजन कुठून काढावे?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटरसायकलींविषयी जे लेखन वाचनात येते, त्यात एक वाक्य हमखास आढळते: अमुक गाडीचे वजन इतक्या किलोंनी उतरवले आणि ती वळणांवर चपळ झाली. हे वाक्य खोटे नसते, पण अपुरे असते, आणि त्या अपुरेपणामुळे नुकसान होते. किलोंचा आकडा वाचून एखादा हौशी तरुण ड्रिल मशीन घेऊन गाडीपाशी बसतो, जिथे हात पोहोचतो तिथे भोके पाडतो, आणि ज्या वजनाने गाडी खरोखर जड चालत होती ते मात्र जागच्या जागी राहते. माझे आयुष्य जुन्या गाड्या उघडण्यात आणि जोडण्यात गेले आहे. त्या अनुभवावरून माझी आपणास विनंती आहे की, असा मजकूर प्रसिद्ध करताना वजन गाडीच्या कोणत्या भागातून काढले, पुढच्या व मागच्या चाकावरील भार त्यामुळे किती बदलला आणि बदलानंतर स्प्रिंग व ब्रेक पुन्हा जुळवले का, एवढी माहिती तरी वाचकांना द्यावी. ही माहिती इतकी महत्त्वाची का, ते सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘गाडी जड चालते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा दोष वजनात नसतोच. हँडलच्या मानेतील बेअरिंगांच्या वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडलेले असतात, त्यामुळे हँडल सरळ स्थितीत अडखळते आणि चालकाला ते जडपणाच वाटते. मागच्या चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दुहेरी दांड्याचे, बुश (आतल्या बारीक नळ्या) झिजलेले असतात, म्हणून वळणात मागचे चाक स्वतःची वेगळी वाट धरते. दोन्ही चाके एका रेषेत नसतात, स्पोक सैल असतात, टायर वरून शाबूत दिसत असला तरी त्याचे रबर वयाने टणक झालेले असते. या गाडीचे वीस किलो उतरवले तरी ती तशीच बेभरवशाची राहील, उलट हलकी झाल्यावर अधिक वेगाने चालवली जाईल. म्हणून वजनाचा विचार करण्याआधी पुढचे चाक जमिनीपासून उचलून फोर्क (पुढचे चाक धरणारी दुपाखी जोडी) पुढे-मागे हलवून पाहावा, मागचे चाक आडवे हलवून चिमट्यातील ढिलाई तपासावी, आणि दोन्ही चाकांना लांब सरळ पट्टी लावून रेषा पाहावी. या कामात वेळ फारसा जात नाही आणि गाडीच्या चालीत जो फरक पडतो, तो महागड्या हलक्या सुट्या भागांनीही पडत नाही.

आता प्रत्यक्ष वजनाकडे वळतो. मोटरसायकलच्या वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग स्प्रिंगांच्या वर असतो: फ्रेम, इंजिन, टाकी, सीट आणि चालक. दुसरा भाग स्प्रिंगांच्या खाली असतो: चाके, टायर, ब्रेक, आस, टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या) फोर्कच्या खालच्या नळ्या, आणि चिमटा व शॉकअपच्या वजनाचा काही हिस्सा. जुन्या गर्डर (ताठ चौकटीच्या) फोर्कमध्ये तर जवळपास सगळा फोर्कच चाकाबरोबर वर-खाली होतो. रस्त्यावरचा उंचवटा आला की हा खालचा भाग वर फेकला जातो आणि त्याला पुन्हा रस्त्यावर दाबण्याचे काम स्प्रिंगला करावे लागते. तो जितका जड, तितका वेळ टायर रस्त्यापासून सुटलेला किंवा अर्धवट टेकलेला राहतो, आणि तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना वळण धरले जाते. त्यामुळे चाकातून काढलेल्या एका किलोचे मोल टूलबॉक्समधून काढलेल्या एका किलोपेक्षा कितीतरी अधिक आहे.

चाकातही पुन्हा जागेचा प्रश्न आहे. रिम आणि टायर आसापासून सर्वांत दूर असतात. गाडीचा वेग वाढवताना त्यांना पुढे तर न्यावेच लागते, शिवाय फिरवावेही लागते. वर्तुळाच्या कडेला असलेल्या वजनाच्या बाबतीत या दोन्ही कामांना जवळपास सारखीच ऊर्जा लागते, म्हणून रिममधला एक किलो वेग घेताना आणि ब्रेक लावताना दोन किलोंसारखा वागतो. वेगाने फिरणारे जड चाक आपली दिशा बदलू देण्यासही विरोध करते. सायकलचे सुटे चाक आसाला धरून फिरवावे आणि ते तिरके करून पाहावे, म्हणजे हा विरोध मनगटाला कळतो. गाडी एका बाजूच्या वळणातून लगेच दुसऱ्या बाजूच्या वळणात टाकताना जो जोर हँडलवर लावावा लागतो, त्यात या विरोधाचा मोठा वाटा असतो.

म्हणून जुन्या गाडीवर एकच बदल करायचा असेल तर पोलादी रिमच्या जागी चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियम रिम बसवावी, असे माझे मत आहे. एकोणीस इंची चाकात त्याने एखाद्या किलोचा फरक पडतो आणि तो योग्य त्या जागी पडतो. मात्र रिमची भोके ज्या हबसाठी (चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी) पाडली असतील त्याच हबवर ती बसवली पाहिजे. पूर्ण रुंदीच्या हबचे स्पोक एका कोनात येतात, अर्ध्या रुंदीच्या हबचे दुसऱ्या कोनात. कोन चुकला तर निपलपाशी (रिममधल्या स्पोकच्या नटापाशी) स्पोक वाकतो, आणि काही काळाने तो तिथे किंवा हबच्या बाजूच्या बाकावर तुटतो. रिम हलकी बसवून तिच्यावर मूळ मापापेक्षा रुंद, जड टायर चढवणारेही पाहिले आहेत. त्यात वाचवलेले वजन परत येतेच, शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर बसवल्याने त्याचा माथा गोलसर फुगतो, कडा नीट आधार देत नाहीत आणि गाडी वळणात शिरताना अडते. मूळ मापाचा, भार व वेग यांस योग्य असा नवा टायर हाच जुन्या फ्रेमला शोभतो.

चाकांनंतर पाहावे ते गाडीच्या मध्यापासून दूर असलेले वजन. कावडीच्या टोकांना असलेले ओझे वळवताना जसे जड जाते आणि तेच ओझे मध्याशी बांधले तर सहज वळते, तसेच मोटरसायकलचे आहे. गाडीचे तोंड एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे वळवताना एखाद्या भागाचा विरोध त्याच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो: मध्यापासून ऐंशी सेंटिमीटरवरचा किलो चाळीस सेंटिमीटरवरच्या किलोच्या चौपट विरोध करतो. त्यामुळे मागे टोकाला बसवलेला पोलादी कॅरियर, पुढचा जाड लेगगार्ड, लांब मागे गेलेले सायलेन्सर आणि हँडलबरोबर वळणारे जड दिवे हे भाग इंजिनालगतच्या कंसांपेक्षा (भाग धरणाऱ्या लहान पट्ट्यांपेक्षा) आधी विचारात घ्यावेत. पेट्रोलही विसरू नये. ते लिटरला सुमारे पाऊण किलो भरते आणि उंचावर असते. दहा लिटर कमी भरले तर गाडीच्या वरच्या भागातून साडेसात किलो एकाही पान्याला हात न लावता उतरतात. लहान फेरीसाठी टाकी काठोकाठ भरण्याची सवय सोडली तरी चालीतला फरक जाणवतो.

इथे पुढच्या-मागच्या भाराचा प्रश्न येतो, आणि नेमका हाच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. समजा, गाडी 180 किलोची आहे, चालक 70 किलोचा आहे, आणि हा 250 किलोंचा भार दोन्ही चाकांवर निम्मा-निम्मा पडतो. आता मागचे मडगार्ड, कॅरियर, पेट्या आणि जाड सीट काढून 15 किलो वाचवले, आणि सोयीसाठी असे धरले की ते सगळे मागच्या चाकावरून गेले. पुढे 125 आणि मागे 110 किलो उरतील, म्हणजे मागच्या चाकावर निम्म्याऐवजी 47 टक्क्यांच्या आसपास भार येईल. जो भाग मागच्या आसाच्याही मागे लटकत होता तो काढल्यावर तर पुढच्या चाकावरचा भार प्रत्यक्षात वाढतो. मागची स्प्रिंग कमी दबल्याने गाडीचे शेपूट उंचावते, फोर्क अधिक उभा होतो, ट्रेल (हँडलच्या मानेची रेषा जमिनीला जिथे मिळते, त्याच्या मागे टायर जितका टेकतो ते अंतर) कमी होते आणि हँडल अधिक चटकन वळू लागते. थोड्या प्रमाणात हे हवेहवेसे वाटते. प्रमाण वाढले की तीच गाडी सरळ रस्त्यावर अस्वस्थ होते, आणि ब्रेक दाबल्यावर मागचे चाक पूर्वीपेक्षा लवकर अडकून घसरते.

हे सगळे मोजता येते. स्नानगृहात ठेवतात तसा साधा वजनकाटा एका चाकाखाली आणि तेवढ्याच उंचीची फळी दुसऱ्या चाकाखाली ठेवावी, गाडी सरळ उभी धरण्यास एक मदतनीस घ्यावा, चालकाने नेहमीच्या बैठकीत बसावे आणि आकडा लिहून घ्यावा. मग काटा दुसऱ्या चाकाखाली न्यावा. बदलाच्या आधी आणि नंतर अशी नोंद ठेवली तर अंदाजाला जागाच राहत नाही.

वजन उतरल्यावर स्प्रिंगा तशाच ठेवणे ही दुसरी मोठी उणीव. मूळ स्प्रिंग ही मूळ वजनासाठी, कित्येकदा दोन माणसे आणि सामान गृहीत धरून निवडलेली असते. भार कमी झाला की ती त्याच गाडीला कडक ठरते, चाक खड्ड्यावरून उड्या मारते आणि मालकाला वाटते की हलक्या गाडीचा स्वभावच असा. चालक बसल्यावर गाडी तिच्या एकूण दबण्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकी दबली पाहिजे, हे साधारण प्रमाण रस्त्यावरच्या गाडीला लागू पडते. शॉकअपची वाटी फिरवून स्प्रिंगचा आरंभीचा दाब कमी-जास्त करता येतो, पण त्याने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. मऊ स्प्रिंग घेतली की फोर्कमधील तेलही तिला जुळेल असे घ्यावे लागते, कारण जाड तेल मऊ स्प्रिंगला वेळेत परत येऊ देत नाही.

आता ज्या गोष्टींमुळे मी हे पत्र लिहायला बसलो त्यांविषयी. ताणाखालच्या पट्टीत लहानसे गोल भोक पाडले की भोकाच्या कडेवर ताण सुमारे तिप्पट होतो. हे अभियांत्रिकीच्या प्राथमिक पाठांपैकी आहे आणि ब्रेकची टॉर्क पट्टी (ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू न देणारी पट्टी), चेनची स्प्रॉकेट किंवा फूटरेस्टचा कंस यांवर ड्रिल चालवणाऱ्याने ते जाणलेच पाहिजे. स्पर्धेसाठीच्या जुन्या गाड्यांवर अशी भोके दिसतात हे खरे, पण त्या गाड्या प्रत्येक स्पर्धेनंतर उघडल्या जात, भाग वारंवार बदलले जात आणि त्यांनी दीर्घकाळ रोज चालावे अशी अपेक्षाच नसे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत धोका अधिक आहे. पोलादाला एक मर्यादा असते, जिच्याखालचे ताण ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, लहान ताणही पुरेशा वेळा आला तर त्यात तडा जातो. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे आहे तसेच त्याचा ताठरपणाही साधारण एक तृतीयांशच आहे. पोलादी भागाची हुबेहूब नक्कल त्याच मापात ॲल्युमिनियममध्ये केली तर ती हलकी होते, पण वाकतेही तिप्पट. ताठरपणा राखायचा असेल तर भागाची जाडी किंवा व्यास वाढवावाच लागतो.

चाकांचे आस, फोर्कला धरणारे बोल्ट, ब्रेकच्या पट्ट्या आणि हँडलचे क्लॅम्प यांना वजन कमी करण्याच्या यादीत स्थान नसावे. चकचकीत स्टेनलेसचा आस दिसायला देखणा असतो, पण स्टेनलेसच्या सर्वसाधारण जाती मूळ आसाच्या कठीण केलेल्या पोलादाइतक्या बळकट नसतात, आणि दुकानात वस्तू हाताळून कोणाला जात ओळखता येत नाही. टायटॅनियमचे बोल्ट हलके आणि बळकट असतात खरे, परंतु आटे कोरडे आवळले तर ते एकमेकांत रुतून बसतात, आणि जुन्या गाड्यांच्या कित्येक आट्यांची मापे आजच्या मेट्रिक मापांशी जुळतही नाहीत.

फ्रेमवरचे न लागणारे कंस घासून काढण्याची एक पद्धत आहे. जुन्या फ्रेमच्या नळ्यांची भिंत बहुधा दोन मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही पातळ असते. ग्राइंडर किंचित खोल गेला की नळीची पाव जाडी नाहीशी होते, वर रंग चढतो आणि ते पुन्हा कोणाला दिसत नाही. एका कंसाचे वजन काही ग्रॅम असते. त्यासाठी ऐतिहासिक फ्रेम दुबळी करणे मला अजिबात मान्य नाही. फ्रेमवरचे मूळ ठसे आणि क्रमांक घासले जाणे तर त्याहून वाईट, कारण ते कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाहीत.

पुढच्या मडगार्डविषयी फारसे बोलले जात नाही. अनेक जुन्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये मडगार्डचा पोलादी पूल दोन्ही खालच्या नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो. तो पूल म्हणजे शोभेचा किंवा केवळ चिखल अडवणारा भाग नव्हे, फोर्कच्या रचनेचा तो एक अवयव आहे. तो काढून प्लास्टिकचे छोटे मडगार्ड लावले की दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे हलू लागतात, ब्रेक लावताना फोर्क पिळतो, आणि गाडी हलकी होऊनही हँडलला अचूकपणा राहत नाही. मडगार्ड हलके करायचे तर पत्रा ॲल्युमिनियमचा घ्यावा, पूल मात्र भक्कमच ठेवावा, आणि पत्र्याच्या भोकांपाशी रुंद वायसर व रबर द्यावे, नाहीतर कंपनांनी तिथेच चिरा पडतात.

ड्रम ब्रेकचे कवच लेथवर पातळ करणे हाही असाच चुकीच्या जागचा लोभ. ड्रमचे लोखंड ब्रेकची उष्णता साठवून घेते. ते पातळ झाले की लवकर तापते, तोंडाकडून पसरते आणि उतारावर ब्रेक हरवतो. चाकातले वजन कमी करा असे मी वर लिहिले आहे, पण ब्रेकच्या घर्षणपृष्ठाला तो नियम लागू करू नये.

बॅटरीचे पाहू. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी घेतली तर वजन एक तृतीयांश किंवा त्याहून कमी होते आणि हा बदल परत फिरवताही येतो. अट इतकीच की चार्जिंगचा दाब आधी मोजावा. जुने रेग्युलेटर पुष्कळदा भरकटलेले असतात आणि बारा व्होल्टच्या अशा बॅटरीला पंधरा व्होल्टच्या पुढचा दाब मारक ठरतो. फायबरच्या टाकीची शिफारस मी करणार नाही, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या प्रकारच्या रेझिनला मऊ करते. सायलेन्सर आणि एअर फिल्टरची पेटी काढून वजन वाचवणाऱ्यांनी कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) पुन्हा जुळवले नाहीत तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन चिकटू शकतो, आणि त्या गोंगाटाचा त्रास इतरांना होतो तो वेगळाच.

हलकेपणाचा इतिहास पाहिला तर तो भोकांचा इतिहास नाही. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी आपल्या भावासह तयार केलेली ‘फेदरबेड’ फ्रेम 1950 साली नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या स्पर्धेच्या गाड्यांवर आली आणि त्याच वर्षी स्पर्धक जेफ ड्यूक यांनी तिच्यावर आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. जुन्या पद्धतीत नळ्या जड घडीव सांध्यांमध्ये बसवून जोडत. इथे दुहेरी कड्यांच्या नळ्या थेट एकमेकींना जोडल्या, आणि वजन वाचतानाच फ्रेमचा पीळही कमी झाला. मोटो गुझी या इटालियन कंपनीचे अभियंते जुलिओ कार्कानो यांनी 350 सीसी गटात चार सिलिंडरांच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर आडव्या एका सिलिंडरचीच गाडी ठेवली, ती अखेरीस शंभर किलोंच्या आसपास आणली, आणि 1953 ते 1957 अशी सलग पाच वर्षे त्या गटाचे जागतिक विजेतेपद गुझीकडे राहिले. आडव्या सिलिंडरमुळे वजन खाली आले, लहान इंजिनाला पेट्रोल कमी लागले, पेट्रोल कमी म्हणून गाडी आणखी हलकी झाली, आणि वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या आवरणाने उरलेली शक्ती वाया जाऊ दिली नाही. या दोघांच्याही कामात प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी विचारून हलका झाला आहे, आणि आपल्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसालाही तेच करता येते. एका वेळी एकच बदल करावा, ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी, मग पुढच्या बदलाला हात घालावा. दोन-तीन बदल एकदम केले तर कोणता उपयोगी पडला आणि कोणता बाधला हे कधीच कळत नाही.

काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावा. बदलांनंतर पहिल्या काही फेऱ्या झाल्या की गाडी स्वच्छ धुऊन चांगल्या उजेडात पाहावी: नव्या रिमचे स्पोक पुन्हा ताणावेत, मडगार्डच्या भोकांच्या आणि कंसांच्या कडांवर रंगात केसासारखी रेघ उमटली आहे का ते बोट फिरवून आणि भिंगातून तपासावे, आणि अशी रेघ दिसली तर तो भाग बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

आपला नम्र,
जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणारा एक वाचक